पराभूत संघाचा निष्ठावंत चाहता : एक मानसशास्त्रीय अभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

कलकत्त्यात ३० सप्टेंबर १९७५ रोजी आय. एफ. ए. शील्ड या जुन्या व प्रतिष्ठित फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्यात ईस्ट बंगाल संघाने मोहन बागान या आपल्या परंपरागत प्रतिस्पर्ध्याचा ५-० असा धुव्वा उडवला. या दोन संघांतील कोणताही सामना बंगालमध्ये घराघरांतील विषय असतो. त्यात हा अंतिम सामना, आणि त्यात पाच गोल. पराभूत संघाच्या चाहत्यांचा संताप इतका अनावर झाला, की मोहन बागानच्या काही खेळाडूंना ती रात्र गंगेच्या पात्रात होडीवर काढावी लागली, असे आजही सांगितले जाते. त्याच वर्षी ईस्ट बंगालने कलकत्ता लीगचे विजेतेपद ओळीने सहाव्यांदा मिळवले होते. म्हणजे हा पराभव एकाएकी कोसळलेला नव्हता; अनेक वर्षांच्या अपयशावर चढलेला तो कळस होता.

आता व्यवहाराच्या साध्या नियमाने विचार करून पाहू. एखादा दुकानदार सहा वर्षे निकृष्ट माल देत राहिला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरते. फुटबॉलचा चाहताही एका अर्थी गिऱ्हाईकच असतो. तो तिकिटासाठी पैसे मोजतो, वेळ देतो, आणि त्याच्या मोबदल्यात आनंदाची अपेक्षा करतो. त्याला आनंदाऐवजी अपमान मिळाला, तर त्याने शेजारच्या विजयी संघाकडे जावे, असे तर्कशास्त्र सांगते. परंतु मोहन बागानचे चाहते ईस्ट बंगालकडे गेले नाहीत. १९७६ मध्ये संघाने लीग जिंकली तेव्हा ते तेथेच होते. १९७७ मध्ये पेले ज्या संघातून खेळत होते, त्या न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाला मोहन बागानने ईडन गार्डन्सवर २-२ असे बरोबरीत रोखले, तेव्हाही ते तेथेच होते. आणि २५ ऑक्टोबर २००९ रोजी मोहन बागानने ईस्ट बंगालवर ५-३ असा विजय मिळवला, तेव्हा १९७५ चे पाच गोल फेडले गेले अशी भावना चाहत्यांत उसळली. त्यांपैकी अनेकांचा १९७५ साली जन्मही झालेला नव्हता.

येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला, वाईट पराभवानंतर काही चाहते संघाला सोडून जातात आणि काही जात नाहीत, असे का व्हावे? दुसरा, जे जात नाहीत त्यांची निष्ठा पराभवाने कमी होण्याऐवजी कित्येकदा वाढते, हे कसे? गेल्या सुमारे सत्तर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नांचा प्रयोगांच्या व निरीक्षणांच्या साहाय्याने अभ्यास केला आहे. त्यातील प्रमुख निष्कर्षांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ‘आपण’ ही भावना कशी निर्माण होते?

प्रेक्षक मैदानात उतरत नाही. चेंडूला त्याचा पाय लागत नाही. तरीही जय-पराजय त्याला स्वतःचा वाटतो. या भावनेचे मूळ शोधायचे तर खेळापासून थोडे दूर जावे लागेल.

हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या युद्धकैदेत होते, आणि त्यांचे जवळजवळ सर्व कुटुंब नाझींच्या अत्याचारांत नष्ट झाले. माणसे ‘आपले’ आणि ‘परके’ असा भेद कशाच्या आधारावर करतात, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ पुस्तकी नव्हता. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. त्यांचा वृत्तांत १९७० व १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. त्यासाठी सांगितलेले कारण अगदी क्षुल्लक होते. पडद्यावरील ठिपक्यांच्या संख्येचा कोणी अधिक अंदाज केला व कोणी कमी, किंवा क्ले व कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे कोणाला आवडली, एवढेच. प्रत्यक्षात विभागणी सोडत काढावी तशी यदृच्छेने केलेली होती. गटांतील मुले एकमेकांना भेटली नाहीत. आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. तरीसुद्धा थोडेसे पैसे इतर दोघांत वाटून देण्यास सांगितले, तेव्हा मुलांनी आपल्या गटातील अनोळखी मुलाला झुकते माप दिले. किंबहुना, आपल्या गटाला एकूण जास्त पैसे मिळण्यापेक्षा दुसऱ्या गटाहून जास्त मिळावेत, याकडे अनेकांचा कल दिसला.

यावरून ताजफेल आणि त्यांचे सहकारी जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये सामाजिक अस्मितेचा सिद्धांत मांडला. मनुष्याची स्वतःविषयीची कल्पना दोन धाग्यांनी विणलेली असते. एक धागा व्यक्तिगत असतो: माझी बुद्धी, माझा स्वभाव, माझे काम. दुसरा सामाजिक असतो: माझे गाव, माझी भाषा, माझी शाळा, माझा संघ. गटाचा मान वाढला की आपला मान वाढतो, आणि गटाचा अपमान झाला की तो आपल्याला झोंबतो.

ठिपक्यांच्या संख्येवरून बनलेल्या गटाविषयी जर एवढी आपुलकी वाटते, तर ज्या संघाचे रंग मनुष्य लहानपणापासून वडिलांच्या वा थोरल्या भावाच्या अंगावर पाहतो, त्याविषयी किती वाटेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

३. उसने तेज

संघाचा विजय ही चाहत्याची स्वतःची कमाई नसते. चंद्र ज्याप्रमाणे सूर्याच्या उसन्या प्रकाशाने उजळतो, त्याप्रमाणे चाहता संघाच्या तेजाने उजळून निघतो. या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची पहिली पद्धत अगदी सोपी होती. तेथील विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे सामने शनिवारी होत. सोमवारी वर्गात किती विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घातले आहेत, याची १९७३ च्या हंगामात सात विद्यापीठांत गुपचूप नोंद ठेवण्यात आली. संघ जिंकला असेल त्या सोमवारी असे कपडे अधिक दिसत. जिंकला नसेल त्या सोमवारी कमी.

दुसरी पद्धत भाषेची होती. विद्यार्थ्यांना दूरध्वनी करून प्रथम काही सामान्य माहितीचे प्रश्न विचारण्यात आले. नंतर, त्यांची खरी कामगिरी कशीही असो, काहींना ‘तुम्ही उत्तम केले’ आणि काहींना ‘तुम्ही फारसे चांगले केले नाही’ असे सांगण्यात आले. शेवटी संघाच्या एका सामन्याचा निकाल विचारला. संघ जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना ‘आपण जिंकलो’ अशा प्रथमपुरुषी रूपाचा वापर अधिक झाला. हरलेल्या सामन्याविषयी ‘ते हरले’ असा दुरावा अधिक दिसला. ज्यांच्या स्वाभिमानाला नुकताच धक्का बसला होता, त्यांच्यात हा फरक अधिक ठळक होता. आपली व्यक्तिगत झोळी रिकामी वाटू लागली, की मनुष्य गटाच्या झोळीत हात घालतो, असे यावरून म्हणता येईल.

मराठी वाचकाला या प्रयोगातील मर्म चटकन उमगेल, कारण आपल्या भाषेत सर्वनाम गाळले तरी क्रियापदाचे रूपच सर्व काही सांगून टाकते. ‘जिंकलो’ म्हटले की बोलणारा संघाच्या आत असतो. ‘हरले’ म्हटले की तो कुंपणाबाहेर उभा असतो. शिवाय आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणाराही सामावतो, ‘आम्ही’मधून तो वगळला जातो. घरच्यांबरोबर सामना पाहताना जो ‘आपण जिंकलो’ म्हणतो, तोच प्रतिस्पर्धी संघाच्या मित्राला ‘आम्ही जिंकलो’ असे ऐकवतो. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड येथे भारताचा कसोटी डाव अवघ्या ३६ धावांत संपला; बरोबर एका महिन्याने, १९ जानेवारी २०२१ रोजी, ब्रिस्बेनचा सामना जिंकून भारताने ती मालिका २-१ अशी खिशात घातली. या दोन दिवशी आपल्या परिसरात कोण कोणते क्रियापद वापरत होते, हे वाचकांनी आठवून पाहावे.

१९८६ मध्ये सी. आर. स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नाण्याची दुसरी बाजू दाखवली. प्रयोगासाठी बनवलेल्या छोट्या गटांपैकी ज्यांना अपयश आल्याचे सांगण्यात आले, त्यांतील सदस्य आपल्या गटाचा बिल्ला घेण्यास व लावण्यास नाखूष दिसले. विजयाच्या प्रकाशात न्हाण्याची जशी प्रवृत्ती असते, तशीच पराभवाच्या सावलीतून अंग काढून घेण्याचीही असते.

४. दोन प्रकारचे चाहते

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल, की प्रत्येक चाहता पराभवानंतर दूर सरकतो. तसे असते तर आपला मूळ प्रश्नच उरला नसता. डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा गुंता सोडवला. संघाशी असलेल्या तादात्म्याचे प्रमाण सर्वांत सारखे नसते, हे त्यांनी लक्षात घेतले. ज्यांचे तादात्म्य सौम्य असते, ते विजयात जवळ येतात आणि पराभवात दूर जातात. यांना आपण अनुकूल वाऱ्याचे चाहते म्हणू. ज्यांचे तादात्म्य खोल असते, ते विजयात तर अधिकच जवळ येतात, आणि पराभवातही फारसे दूर जात नाहीत.

याचा अर्थ असा नव्हे, की निष्ठावंत चाहत्याला पराभवाचे दुःख कमी होते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. एडवर्ड हर्ट व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इंडियाना विद्यापीठातील बास्केटबॉलच्या कट्टर चाहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संघाचा सामना पाहिल्यानंतर या चाहत्यांना स्वतःच्या कौशल्याविषयी अंदाज करण्यास सांगण्यात आले. संघ हरल्यावर त्यांनी खेळातील, शब्दकोड्यांतील, एवढेच नव्हे तर सामाजिक व्यवहारातील आपले यशही कमी आखले. संघ हरला होता. पण चाहत्याला स्वतःच उणे झाल्यासारखे वाटत होते.

शरीरही या दुःखात सहभागी होते. १९९४ च्या विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीचा पराभव केला. तो सामना दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या मोजक्या चाहत्यांच्या लाळेचे नमुने सामन्यापूर्वी व नंतर तपासण्यात आले. ब्राझीलच्या चाहत्यांत टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले, तर इटलीच्या चाहत्यांत घटलेले आढळले. २००६ च्या विश्वचषकाच्या वेळी म्यूनिक व त्याच्या परिसरात डॉक्टरांनी ठेवलेल्या नोंदींवरून असे दिसले, की जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या अडीचपटींहून अधिक होत्या.

तात्पर्य, ज्याला सर्वांत अधिक वेदना होते, तोच सर्वांत कमी पळतो. हा विरोधाभास वरवरचा आहे. सौम्य चाहत्याच्या दृष्टीने संघ म्हणजे अंगावरचा सदरा आहे. पाऊस आला की तो काढून ठेवता येतो. निष्ठावंताच्या दृष्टीने संघ ही अंगाची त्वचा आहे. ती भाजली म्हणून काढून टाकता येत नाही. संघ सोडणे म्हणजे स्वतःच्या एका अंशाला सोडणे, आणि त्याचे दुःख पराभवाच्या दुःखाहून मोठे असते.

५. मन पराभव कसा पचवते?

सोडून जाता येत नाही आणि दुःखही सोसवत नाही, अशा कोंडीत सापडलेले मन काही वाटा शोधते.

पहिली वाट म्हणजे दृष्टीचाच पक्षपात. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकन विद्यापीठांत फुटबॉलचा एक अत्यंत दांडगाईचा सामना झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक फुटले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टनने सामना जिंकला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना या सामन्याचे तेच चित्रण दाखवले आणि नियमभंग मोजण्यास सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाने केलेले जेवढे नियमभंग दिसले, त्यांच्या निम्मेच डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की दोन्ही बाजूंचे लोक एकच सामना ‘पाहत’ नव्हते. पंचाचा निर्णय चुकला, खेळपट्टी खराब होती, चेंडू रेषेच्या आतच होता, या तक्रारी दर वेळी मुद्दाम केलेल्या खोट्या सबबी नसतात. कित्येकदा चाहत्याला खरोखरच तसे दिसलेले असते.

दुसरी वाट काळाची. निष्ठावंत चाहता पराभवाच्या दिवशी भूतकाळात आणि भविष्यकाळात आश्रय घेतो. मोहन बागानच्या चाहत्याजवळ असा एक अक्षय ठेवा आहे. २९ जुलै १९११ रोजी, पारतंत्र्याच्या काळात, या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांना २-१ असे हरवून शील्ड जिंकली. आणि एक खेळाडू वगळता सर्व संघ अनवाणी खेळला होता. ज्याच्या गाठीशी १९११ आहे, त्याला १९७५ सोसता येते. ‘पुढच्या हंगामात पाहू’ हे उद्‌गारही याच औषधाचा दुसरा घोट होत.

तिसरी वाट मूल्ये बदलण्याची. जिंकणे हाताबाहेर गेले, की चाहता दुसरे माप काढतो: आमचा संघ सभ्यपणे खेळतो, आमचा संघ पैशाने विकत घेतलेला नाही, आम्ही हरलो तरी पळालो नाही. येथे निष्ठा हीच अभिमानाची वस्तू बनते. अमेरिकेतील शिकागो कब्ज हा बेसबॉलचा संघ १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळवू शकला. मधल्या १०८ वर्षांत त्याच्या चाहत्यांनी पराभवालाच आपली ओळख बनवले आणि ती प्रेमाने मिरवली. विजयी संघाचा चाहता कोणीही होऊ शकतो. हरणाऱ्या संघाचा चाहता होण्यास धैर्य लागते, असा हा युक्तिवाद आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही.

६. मोजलेली किंमत

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये बोधनिक विसंगतीचा सिद्धांत मांडला. मनात दोन परस्परविरोधी जाणिवा एकत्र नांदू लागल्या, की मनुष्य अस्वस्थ होतो आणि त्यांतील एक जाणीव बदलून टाकतो. १९५९ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी या सिद्धांताची कसोटी घेतली. एका चर्चामंडळात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना अत्यंत संकोचाची परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, तर काहींना कोणतीच नाही. नंतर ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवलेली होती. ज्यांनी कठोर परीक्षा दिली होती, त्यांनीच ती चर्चा सर्वांत अधिक गोड मानून घेतली. ‘मी एवढे सोसले’ आणि ‘हे निरर्थक आहे’ या दोन जाणिवा एकत्र टिकत नाहीत. आणि सोसलेले पुसता येत नसल्यामुळे वस्तूचे मोल वाढते.

चाहत्याचे असेच होते. रांगेत काढलेले तास, भिजत परतलेल्या संध्याकाळी, मित्रांची टिंगल, या सर्वांची बेरीज संघाच्या खाती जमा होत जाते. संघ सोडला, तर ती सारी ठेव बुडाली असे होईल.

याच्या जोडीला आणखी एक कारण आहे. बी. एफ. स्किनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले, की प्रत्येक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून, अनिश्चितपणे मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय अधिक चिवट असते. बक्षीस बंद झाल्यावरही ती लवकर सुटत नाही. हरणारा संघही कधीतरी, अगदी अनपेक्षितपणे, जिंकतो. मनुष्य म्हणजे पिंजऱ्यातील कबूतर नव्हे, हे मान्य करूनही, या अवचित विजयाची गोडी निष्ठेला खतपाणी घालते असे मानण्यास जागा आहे.

७. सामायिक दुःखाचे बंधन

तथापि केवळ किंमत आणि सवय यांनी निष्ठेचे संपूर्ण स्पष्टीकरण होत नाही. मार्था न्यूसन, मायकेल बुर्मेस्टर आणि हार्वी व्हाइटहाउस यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील दहा क्लबांच्या सातशेहून अधिक चाहत्यांची पाहणी केली. त्यांतील पाच क्लब दहा वर्षांच्या कामगिरीनुसार सर्वांत यशस्वी होते, तर पाच सर्वांत अपयशी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अपयशी क्लबांचे चाहते एकमेकांशी अधिक घट्ट बांधलेले आढळले. सोबतच्या चाहत्यांसाठी त्याग करण्याची तयारीही, निदान प्रश्नावलीच्या उत्तरांत, त्यांनी अधिक दाखवली.

या संशोधकांची उपपत्ती अशी आहे. तीव्र दुःखाचा प्रसंग स्मृतीत खोल रुततो. मनुष्य त्यावर पुनःपुन्हा विचार करतो, आणि हळूहळू तो प्रसंग ‘मी कोण आहे’ या कथेचा भाग बनतो. हेच दुःख शेजारी उभ्या असलेल्या माणसानेही भोगले आहे, हे जाणवले की त्याच्याविषयी रक्ताच्या नात्यासारखी जवळीक उत्पन्न होते. लढाईतून एकत्र परतलेल्या सैनिकांत जे बंधन दिसते, त्याचे हे सौम्य रूप होय. विजयाचा आनंदही जोडतो. पण विजयाच्या मिरवणुकीत वाटेवरचा कोणीही सामील होतो. पराभवाच्या संध्याकाळी जे उरतात, ते एकमेकांना ओळखतात.

कलकत्त्याचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. ईस्ट बंगाल क्लबाची स्थापना १९२० मध्ये झाली. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित पश्चिमेकडे आले. घर, जमीन, नदी, गाव, सर्व काही मागे राहिले होते. ज्या क्लबाच्या नावातच त्या हरवलेल्या भूमीचे नाव होते, तो त्यांचा आधार बनला. पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांनी, ज्यांना घोटी म्हणतात, मोहन बागान आपला मानला; पूर्वेकडून आलेल्या बांगाल लोकांनी ईस्ट बंगाल. स्वयंपाकघरापर्यंत ही विभागणी गेली. ईस्ट बंगाल जिंकला की हिल्सा मासळी आणि मोहन बागान जिंकला की मोठी कोळंबी, अशी ताटातील खूणही ठरून गेली. अशा ठिकाणी संघ बदलणे म्हणजे दुकान बदलणे नव्हे. ते आजीचे गाव नाकारण्यासारखे आहे. म्हणूनच तेथे निष्ठा वारशाने उतरते, आणि न पाहिलेल्या पराभवाचे दुःखही तिच्याबरोबर उतरते.

८. निष्ठेची मर्यादा

जे बंधन माणसांना जोडते, तेच त्यांना आंधळेही करू शकते. १७ मार्च २००७ रोजी विश्वचषक स्पर्धेत बांगलादेशाने भारताला हरवले, तेव्हा रांचीत महेंद्रसिंग धोनी यांच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात उसळलेल्या दंगलीत सोळा प्रेक्षकांनी प्राण गमावले; त्यांतील प्रत्येक जण खेळावरील प्रेमामुळेच तेथे आला होता. १९७५ च्या त्या सामन्यानंतर तर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने स्वतःच्या आयुष्याचा शेवट केला. ही निष्ठेची परिसीमा नव्हे. ही तिची शोकांतिका आहे. ज्याच्या आत्मसन्मानाला संघाखेरीज दुसरा आधार उरत नाही, त्याला पराभव पेलत नाही. संघाच्या पराभवाने जगणेच नकोसे वाटू लागले, तर ती निष्ठेची नव्हे, आजाराची खूण समजावी. अशा वेळी घरच्या माणसांनी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि विनासंकोच डॉक्टरांचे साहाय्य घ्यावे.

‘आपण’ या शब्दाची कक्षा विस्तारता येते, ही मात्र आशेची गोष्ट आहे. मार्क लेव्हिन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक धावणारा तरुण घसरून पडला. त्याच्या अंगात मँचेस्टरचा सदरा असला, की बहुतेक जण मदतीस धावले. लिव्हरपूलचा किंवा साधा सदरा असला, तर थोडेच. दुसऱ्या वेळी चाहत्यांना आधी ‘आपण सारे फुटबॉलप्रेमी’ या दृष्टीने विचार करण्यास लावले. तेव्हा लिव्हरपूलचा सदरा घातलेल्यालाही जवळजवळ तेवढीच मदत मिळाली. साध्या सदऱ्याच्या माणसाला मात्र याही वेळी कमीच मिळाली. कुंपण रुंद झाले. नाहीसे झाले नाही. तरीही मनातील कुंपण एवढ्या सहजतेने सरकवता येते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

९. सारांश आणि निरीक्षणपाठ

संघ हा चाहत्याच्या ‘स्व’चा भाग बनतो. तो भाग लहान असेल तर पराभवानंतर गळून पडतो. मोठा असेल तर चाहता अधिक दुःख भोगतो, पण जागा सोडत नाही. तो पराभवाचा अर्थ बदलतो, सोसलेल्या कष्टांमुळे संघाला अधिक मोलाचे मानतो, आणि सहदुःखी माणसांशी बांधला जातो. संघ कोणता, यापेक्षा संघाबरोबर कोण कोण उभे आहे, हेच शेवटी निष्ठेचे मर्म ठरते.

वाचकांना एक सोपे निरीक्षण करता येईल. आपल्या शाळेच्या, गावाच्या किंवा देशाच्या संघाचे किमान पाच विजय आणि पाच पराभव निवडावेत. प्रत्येक सामन्याच्या दुसऱ्या दिवशी निरनिराळ्या दहा व्यक्तींना ‘काल काय झाले?’ एवढेच विचारावे. उत्तरातील क्रियापद ‘जिंकलो-हरलो’ असे होते की ‘जिंकले-हरले’ असे, याची नोंद करावी. हेतू आधी सांगू नये, अन्यथा उत्तरे बदलतील. शेवटी विजयाच्या व पराभवाच्या दिवसांतील प्रथमपुरुषी उत्तरांचे प्रमाण काढून तुलना करावी.

नोंदी हाती आल्यावर पुढील प्रश्नांचा विचार करावा.

(१) पराभवाच्या दिवशीही ‘हरलो’ असे म्हणणाऱ्या व्यक्ती कोण होत्या? त्यांच्या घरात त्या संघाची निष्ठा किती पिढ्यांची आहे?

(२) तेच लोक विजयाच्या दिवशी ‘आपण’ म्हणतात की ‘आम्ही’?

(३) पराभवाचे कारण त्यांनी स्वतःच्या संघात शोधले, की पंच, मैदान आणि दैव यांत?

(४) प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्याला सामावून घेईल असा ‘आपण’ आपल्या गावात कोणत्या प्रसंगी ऐकू येतो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सर्वांत अधिक वेळ लागेल. तो वेळ अवश्य द्यावा.